काठापर्यंत

एर्लिसनं न्हाणीघरातला टब काढायला लावला
मार्चमधल्या एका ओल्या शनिवारी.
दोन पुतणे, एक दोरखंड, जिन्यातल्या रंगाचे पोपडे,
आणि खिडकीतून मिसेस प्रोबर्ट:
"भंगारवाला फुकट नेईल की गं."

परसात, कपड्यांच्या दोरीखाली,
तिनं स्वतः खड्डा खणला.
वेल्सच्या या डोंगरात फावडं मातीला कमी लागतं,
पाटीच्या दगडाला जास्त.
दर वितीला ठण्.
ग्विलिमनं चाळीस वर्षं हाच दगड
पापुद्रा पापुद्रा सोलला, लोकांच्या छपरांसाठी.
उरलेली भुकटी छातीत भरून घरी आणली.

टब काठापर्यंत पुरला. पावसानं तो चार दिवसांत भरला.
मासे नकोत, ते सगळं गिळतात, असं ती नातवाला म्हणाली.
तो रुसला.
त्याच्या नारिंगी माशाचं नावसुद्धा ठरलं होतं.

गवत वाढलं. कोपऱ्यात ओंडके कुजायला ठेवले.
मिसेस प्रोबर्टनं पडदा ओढून घेतला.

मग मला हाक आली: ह्यू, जरा हात लाव.
टबाची बाजू उभी, पांढरी, गुळगुळीत.
आत पडेल ते पोहत राहणार,
दमणार, बुडणार.
म्हणून पाटीचे तुकडे, एकावर एक, तळापासून वर.
मी धरायचे, तिनं हलवून बघायचे.
डगमगला की पुन्हा.

त्या हिवाळ्यातही अशीच हाक आली होती.
मी भिंतीवरून उडी टाकून गेलो
तेव्हा पाणी कधीच गार झालं होतं,
तिचे हात त्याच्या काखेत,
आणि तो खोकत, हसत म्हणत होता,
राहू द्या रे, इथं बरा आहे.
आम्ही दोघांनी ओढला त्याला.
किती हलका होता.
त्याबद्दल नंतर आम्ही कधी बोललो नाही.
त्या दिवशीही नाही.
ती फक्त म्हणाली, ही पायरी अजून हलतेय.

पुढच्या फेब्रुवारीत पाण्यावर
शाळेतल्या साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी तरंगलं,
प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका.
आई काठाशीच होती, चांगली मुठीएवढी.
आमची चाहूल लागली तशी उडाली,
एका उडीत थेट गवतात.
पायऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

एर्लिस खूप वेळ हसली.
मग बाहीनं नाक पुसून म्हणाली,
असू देत. लागतील कुणाला तरी.