चिंच लावू नये

गुजरीतली शटरं वर जायच्या आत
सुंद्राबाई सोनारांच्या दारातला गाळ खरवडून नेते,
घमेल्यात घोळते, घोळते, ओतते,
सोन्याचा कण डोळ्यानं नव्हे
बोटानं ओळखते.
आज तिच्या बोटाला तांबं लागलं.

माझ्या टेबलावर ठेवलं तिनं,
भोकाचा पैसा.
लढाईत तांबं पुरेना, तेव्हा सरकारनं
मधूनच कोरून घेतलेला.
एका अंगाला मुकुट, दुसऱ्या अंगाला पानांची वेल.
मी भिंग लावलं.
मुकुट गोल की चपटा,
सालाखाली ठिपका आहे का,
एवढ्याएवढ्यावर ठरतं आमच्यात
चहाचे सुटे, की दुकानाचं भाडं.

पण पैसा लखलखत होता,
सणाच्या आदल्या दिवशीच्या समईसारखा.
"घासलास?"
"मग! चिंच, मीठ, वरनं राखुंडी."

ऐंशी वर्षं धरलेली काळी साय
एका सकाळीत गटारीला मिळाली.
म्हटलं, मावशी, आम्ही तो काळेपणाच विकतो.
मळ ठेवला असतास तर
शंभराच्या पुढं बोललो असतो.
ती हसली, पदरानं हात पुसत.
"उलटाच हाय की तुमचा धंदा.
आमच्यात मळ गेल्यावर किंमत येती."

भोक गोल नव्हतं.
एका बाजूला दोऱ्यानं ओघळलेलं.
कुणाच्या तरी कमरेला करदोट्यात
हा पैसा गल्लीभर धावला असणार, उघडाबंब,
आणि एक दिवस दोरा तुटला.
वहीत मी लिहिलं: झिजलेला. घासलेला. भाव नाही.

सुंद्राबाई अजून उभीच.
भोकात करंगळीचं नख घालून म्हणाली,
"ह्यातलं मधलं तांबं कुठं गेलं?"
"लढाईत."
"म्हंजे गोळीत?"
"असेल."
"कुणाला लागली?"

माझ्या वहीत रकाने आहेत
साल, टांकसाळ, वजन, अवस्था.
मी वही मिटली.
तीस रुपये दिले, मोडीच्या भावापेक्षा बरेच जास्त,
हे तिलाही कळलं आणि तिनं दाखवलं नाही.

नोटा तिनं उजेडात धरून बघितल्या,
मी नाणी बघतो तशाच.
मग घमेलं डोक्यावर घेतलं.
भेंडेगल्लीच्या तोंडाशी वळताना ओरडली,
"पुढचा सापडला तर तसाच आणती रं!
शेणामातीसकट!"