नऊ डेसिबल जास्त

ल्युब्लियानात तासाच्या भाड्याने शांतता मिळते.
भिंतींना काळ्या फोमचे सुळके, मध्ये लाकडी टेबल,
टेबलावर माझा बोर्ड, काडेपेटीएवढा.
बारा व्होल्ट आत, तीन पूर्णांक तीन बाहेर.
काचेपलीकडून ऑपरेटर म्हणाला, "नऊ डेसिबल जास्त,"
आणि बिल पुढे सरकवलं.

क्रान्यला परतताना बसमध्ये
मांडीवर तो आलेख.
त्यावरचे सुळके अगदी त्या भिंतींसारखे,
फक्त उलट्या कामाचे.

कोबालच्या मधपेट्यांखाली बसणार होता आमचा वजनकाटा,
मध किती भरला, पोळं कधी उठून गेलं
ते रेडिओवरून घरी कळवणारा.
पण त्याच्या पोटातला वीजपुरवठाच इतका तोंडाळ
की शेजारच्या रिसीव्हरला काही म्हणता काही ऐकू येईना.
सेकंदाला चार लाख वेळा उघडझाप,
आणि दर वेळी दार आपटून.

मात्याझ म्हणाला, फेराइट लाव.
केबलच्या गळ्यात काळे मणी ओवले,
एक, दोन, मग चौथा.
संसार काही गप्प होईना.
पत्र्याचा डबा केला; आवाज फटीतून निघाला.
गेटला दहा ओहम घातले,
दार जरा हळू मिटू लागलं, पण स्विच असा तापला
की बोट पोळलं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,
तीन आठवडे आम्ही बंबच पळवत होतो.

शुक्रवारी कोबाल स्वतःच आला.
हातात चेस्टनटच्या फुलांचा कडवट मध,
खांद्याला कातडी पट्ट्याचा जुना ट्रान्झिस्टर.
त्यावर हवामान सांगत होती कुणी बाई;
तो टेबलाजवळ आला
आणि बाईचा गळा दाबला गेला.
मी ओशाळले.
तो नाही. त्याने भुवया वर केल्या,
रेडिओ आडवा धरला, उभा धरला,
पेटीला कान लावावा तसा बोर्डावरून फिरवला.
कॉइलवर भुणभुण.
केबलवर भुणभुण.
एका कोपऱ्यावर किंकाळी.
"राणी इथे आहे," तो म्हणाला.

इनपुटचा कपॅसिटर.
मार्चमध्ये, घाईत, एका स्क्रूच्या भोकासाठी
मीच त्याला दोन सेंटिमीटर दूर सारलं होतं.
आकृतीत तो अजूनही स्विचला खेटून उभा.
आकृतीला अंतर कळत नाही,
तांब्याला कळतं.

प्रवाह निघतो तेव्हा सगळे बघतात,
त्याच्यासाठी रुंद रस्ते आखतात, बाण काढतात.
परत कुठून यायचं, ते कुणी विचारत नाही.
जवळून वाट ठेवली नाही
तर तो लांबून वळसा घेतो,
आणि त्या वळशाच्या पोटात जेवढी जागा
तेवढा सगळा बोभाटा.

रात्री भोक हलवलं.
कपॅसिटर स्विचपासून दोन मिलिमीटरवर आणला.
खालच्या थरातलं तांबं कुठेही न चिरता सलग ठेवलं.
स्विचच्या टोकाशी मी उदारपणे पसरलेला पत्रा
नखाएवढा केला. मात्याझ कॉफी करत होता,
त्याने विचारलं, "एवढंच?"
मी उत्तर दिलं नाही.

नवे बोर्ड नऊ दिवसांनी आले.
एकेक मणी काढत गेले;
शेवटचा राहू दिला, मात्याझसाठी.

चेंबरची तारीख बुधवारची आहे,
तिथे काय निघेल ते तिथे.
आज फक्त कोबालच्या बागेत,
लिंडनच्या सावलीत, तिसऱ्या पेटीखाली काटा सरकवला.
त्याने ट्रान्झिस्टर थेट त्यावर टेकवला.
बाई सांगत होती, दुपारनंतर ऊन, डोंगराकडे वारा,
आणि तिच्या मागे फक्त माश्या.

कोबालने रेडिओला कान लावला,
मग काट्याला बोटाने टिचकी मारली, साशंक:
"चालू केलायस ना?"

एकतीस किलो चारशे, मी वाचून दाखवलं.