हिरवा माइक

मीठ होतं त्याच्या पोटात.
खरंच मीठ. स्फटिकाची पातळ वडी,
हवेचा धक्का लागला की थरथरून वीज देणारी.
भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत पडून
ती कुठल्याशा मे महिन्यात मेली
आणि पेटीला कळलंही नाही.

रुबाब तडवीनं गमछ्याची गाठ सोडली.
आत बामणोदचं कोवळं वांगं असावं तसा माइक:
तोच हिरवा रंग, तेच पोट,
मागे देठासारखी वायर.
"फालकबाई, हा बोलेना."

त्याच्या सासऱ्यानं भंगाराच्या लिलावात घेतलेला, किलोच्या भावानं.
आधी तो फलाटावर गाड्या पुकारायचा:
खांडवा, इटारसी, पुढे कटनी.
मग बावीस लगीनसराया
रुबाबच्या दोन तळहातांत, माउथ ऑर्गनला छाती लावून.

मी नवी कॅप्सूल बसवली, नखाएवढी, दिल्लीची.
त्यानं वाजवून पाहिलं.
पत्तीवरची थुंकी ऐकू आली, मिशीचा केस ऐकू आला,
समोरच्या केळीवाल्याचं पोरगं झोपेतून उठलं.
रुबाबनं माइक काउंटरवर ठेवला, हळूच, पाहुण्यासारखा.
"चांगला हाये. पन हा मानूस माह्या वळखीचा नाही."

रात्री त्याच्या लग्नांतली एक कॅसेट लावून बसले.
फैजपूर, साल लिहिलेलं नाही.
खापरावर मांडा टाकताना कडेला विरतो
तसा प्रत्येक सूर कडेला विरत होता,
आणि मधोमध जाड, गोड, थोडा करपलेला.
बाबा असते तर म्हणाले असते, फॉल्ट आहे.
आयुष्यभर त्यांनी फॉल्टच काढले.
मला पहिल्यांदा फॉल्ट घालायचा होता.

जुन्या काळ्या फोनच्या रिसिव्हरमधली चकती घेतली.
लोखंड आणि चुंबक, उन्हाला न भिणारं.
ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला,
केसाहून बारीक तारेचे अडीच हजार वेढे;
सोळाशेच्या पुढे आईनं जेवायला हाक मारली
आणि आकडा चुकला,
म्हणून परत पहिल्यापासून.
आवाजाचं बटण अंगठ्याखाली आणलं,
म्हणजे भर वरातीत "भुऱ्या, कमी कर रे!" नको.
कवच खराद्याकडून शिवणीच्या लाकडाचं, दोन बोटं लहान,
वर तोच हिरवा रंग.
चकतीभोवती सायकलच्या ट्यूबची कड.

हाताचं माप घेताना पाहिलं:
उजवी करंगळी पहिल्या पेरापाशीच संपते.
"जिनिंगमधी गेली," तो म्हणाला, जशी कुणी माहेरी जाते.
ओंजळ मिटली की तिथे एक फट राहते.
मी ट्यूबची कड तिथं जाड केली,
फट बुजवली, शहाणपणानं.

आवाज आला तो गोधडीत तोंड घातल्यासारखा.
तो काही बोलला नाही.
मीही नाही.
मग कानस घेतली
आणि करंगळीच्या जागी, जिथं काही नाही तिथं,
लाकडात तांदळाच्या दाण्याएवढी खाच पाडली.

रुबाबनं डोळे मिटले.
पहिल्या फुंकीलाच अँपचा दिवा थोडा मंद झाला
आणि फैजपूर दुकानात आलं,
घोगरं, कडेला विरलेलं,
फलाटावरच्या राखेचा खरखराट अजून घशात.
त्याला पैसे द्यायचे सुचले नाहीत, मला मागायचे.
दुसऱ्या दिवशी भुऱ्या घेऊन आला,
वर भरताची दोन वांगी.

आता सावद्याचं एक पोरगं आलंय.
नाव हर्षल, वय सतरा, दहाही बोटं शाबूत.
रुबाबकाकांचा माइक आहे तस्सा पाहिजे म्हणतं,
ओंजळ मिटून दाखवतं:
दिवा ठेवला तर उजेड बाहेर येणार नाही, अशी घट्ट.

कवच तयार आहे. रंग वाळतोय.
मी कानस हातात घेऊन
त्याच्या करंगळीकडे बघतेय.