कुंद्याच्या डब्यातली कॅसेट

खडेबाजारातल्या रेडिओवाल्यानं दुकान मोडलं तेव्हा
कुंद्याच्या पत्र्याच्या डब्यात निघाली.
पाठीवर इनासचं तिरकं अक्षर:
उद्यमबाग, रात्रपाळी.

बुरशी पुसली, पेन्सिल घालून फिरवली.
आधी नुसती खरखर, मग बेस,
फौंड्रीतल्या घणासारखा एकाच जागी पडणारा.
सोमण्णाचा ड्रम म्हणजे डांबराचं पिंप
आणि भजनी मंडळाची एक झांज,
अजून परत न केलेली.

अर्धी ओळ मराठी, अर्धी कानडी,
म्हणून इकडच्यांनी बोलावलं नाही, तिकडच्यांनीही.
एकदाच वाजवलं, कॅम्पात, लग्नात.
नवरीच्या मामानं वायर उपटली.

इनास कुवेतला गेला.
सोमण्णा नुसताच गेला.
मी बँकेत चिकटलो.

दुसऱ्या बाजूवर कुणाच्या तरी पोरीचे पाढे,
सतरा चोक अडुसष्ट,
त्याखाली आमची चार गाणी गाडलेली.

पाढे संपतात.
तेव्हा वीज गेली असणार, टेप सेलवर,
सेल उतरत गेलेले,
म्हणून आमचे आवाज बारीक, घाईतले,
मिसरूड न फुटलेल्यांचे.
'तडी रे,' म्हणतोय मी, 'परत घेऊ.'
सोमण्णा मोजतो,
ओंदु, एरडु, मूरु

खट्‌कन बटण वर येतं.