एक पॉइंट शून्य दोन पाच

झाकीर शिकलगार काचेला बोट लावत नाही,
हनुवटी पुढे करून दाखवतो.
"ह्यो बघा, कोळ्यासारख्या पायांचा. दिसायला देखणा,
पण रात्री दुसऱ्याच्या घरात शिरतोय.
ह्यो हिरवा, शेवाळ खातोय, गरीब हाय,
उपाशी ठेवलासा तर गरीब ऱ्हात न्हाई."
शाहूपुरीत, टायरच्या दुकानाला लागून,
निळ्या उजेडात मी उभा,
हातांना अजून कटिंग ऑइलचा वास.
"टाकीत घालायच्या आधी कोपरापर्यंत धुवा.
साबण न्हाई. नुसतं पाणी."

तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर.
दोन शतांश मिलिमीटर चुकले की शाफ्ट भंगारात,
म्हणून खारेपणाचा आकडा मला लगेच पटला:
एक पॉइंट शून्य दोन पाच.
काटा बघायचा, मीठ घालायचं, पुन्हा बघायचं.
घाटापलीकडचा समुद्र
आमच्या सोफ्याशेजारी, तीन फूट बाय दीड.

तालमीतली माणसं येऊन गेली.
"रस्सा तांबडा का पांढरा?" एवढंच विचारून
चहा पिऊन गेली.
सरोज देवगडची. तिनं पावती वाचली,
"एवढ्याशा कुर्लीक चारशे रुपये?
आमच्याकडे खाजणात फुकट गावतत."
आणि तरी दुसऱ्या दिवशी
भाकरी थापताना मान वळवून बघत होती
कोळंबी माशाचे गाल कशी साफ करते ते.

पहिली चूक माझी.
नळाचं नको म्हणून मी रात्री हंड्यातलं पाणी घेतलं,
आईचा हंडा, तांब्याचा, चिंचेनं घासलेला,
ज्यातलं पाणी प्यायल्यावर आमच्या घरात
कुणाचं पोट कधी बिघडलं नाही.
सकाळी तीन गोगलगायी उताण्या.
कोळंबी कोपऱ्यात, पांढरी.
झाकीरनं कपाळावर हात मारला.
"तांबं? अवो मासा एकादा सोसंल.
ज्याला कणा न्हाई त्याला तांबं म्हंजे वीख."

कणा नाही.
संपाच्या साली फाटकाबाहेर
भिकाजी पोवारानं हाच शब्द माझ्याकडे फेकला होता.
मुलगी तापानं फणफणत होती, मी आत गेलो,
सही केली, मशीन चालू केलं.
भिकाजी आता नाही. शब्द आहे.
झाकीरला यातलं काही माहीत नाही,
तो पिशवीत पाणी भरत होता,
पिशवी फुगवून रबर लावत होता.

या खेपेला मी घाई केली नाही.
कोळ्यासारखा नको. काटेरी अर्चिन नको,
दगड ढकलून पाडतो म्हणे.
दोन तास उभा राहून
एक शंखातला खेकडा निवडला, करंगळीच्या पेराएवढा,
कारण मी वाकलो तेव्हा बाकीचे आत गेले
आणि हा बाहेरच राहिला.

"रिकामे शंख ठेवा दोन-तीन," झाकीर म्हणाला,
"वाढला की घर बदलतोय. न्हाई मिळालं
तर गोगलगाय मारून तिचं घेतोय."
सरोज तेव्हा ऐकत नव्हती असं मला वाटलं.
माहेरच्या लग्नाहून ती परत आली
तेव्हा पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ,
आणि रुमालात बांधलेले सात शंख,
उकळून, वाळवून, लहानापासून मोठ्यापर्यंत.

बुधवारी रात्री, साडेबारा.
टॉर्चला लाल कागद लावून आम्ही दोघं जमिनीवर.
त्यानं एक शंख फिरवला, तोंडात नांगी घातली,
आतून चाचपलं,
मी बोअर मोजतो तसं. सोडला.
दुसरा. सोडला.
तिसऱ्याशी बराच वेळ थांबला,
परत पहिल्याकडे गेला, परत आला.
मग क्षणभर तो कशातच नव्हता.
मागचा भाग वाकडा, मऊ,
सोललेल्या लसणीच्या पाकळीसारखा.

"टॉर्च बंद करा हो," सरोज म्हणाली,
"तेका लाज वाटतली."

मी बंद केली.
अंधारात पंपाची घरघर,
आणि तिच्या गुडघ्याचा माझ्या गुडघ्याला धक्का.
कोणता घेतला ते
सकाळपर्यंत आम्ही बघितलं नाही.