सव्विसावा मुक्काम

टेबलावर बर्फ पडतोय.
बाहेर नॉर्समनमध्ये त्रेचाळीस अंश,
कॅराव्हॅन पार्कच्या सामाईक स्वयंपाकघरात
पंख्याचं एक पातं वाकडं, दर फेरीला कुरकुरतं,
आणि मी सांगतेय : उत्तरेचा वारा सुटलाय,
नाकाचे शेंडे बधिर, फासा टाका.
कोस्ता कपाळावरचा घाम पुसतो
आणि टाकतो.
चार.
त्याच्या बुटक्याचं करंगळीचं बोट
मी वहीतून खोडते.

पूर्वी मी असं खेळवत नव्हते.
"तीन आठवड्यांनी तुम्ही मनोऱ्यापाशी पोचता."
एका वाक्यात रान संपायचं,
मग दार, कुलूप, राक्षस, सोनं,
मनोरा जणू मागच्या गल्लीतच.
ब्रोडीला तेच बरं वाटायचं.
तीन डब्यांचा ट्रक घेऊन तो इथून सेदूनाला जातो,
बाराशे किलोमीटर, एकही वळण मनात राहत नाही.
"चालणं गाळ ना, मेरिन."
दर आठवड्याला जो ते गिळून येतो
त्याला माझ्या टेबलावर तरी सुटका हवी होती.
हे मला उशिरा कळलं.
कळूनही मी गाळलं नाही.

नियम केला मनुकांचा.
एक मनुका म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा शिधा.
मोजून बशीत ठेवायच्या, रात्र झाली की खायची एक,
आधी नाही.
तिसऱ्याच दिवशी ब्रोडीने बोलता बोलता
पाच तोंडात टाकल्या.
मी काही बोलले नाही. लिहून ठेवलं.
चौदाव्या दिवशी त्याची बशी रिकामी
आणि प्रत्येकाची नजर आपापल्या बशीवर.
टाहलियाने सुरी मागितली.
अर्धी मनुका कापून पुढे सरकवली, अर्धी!
आम्ही वर्षभर अजगर मारले होते,
त्यात असं काही घडलं नव्हतं.

एकोणिसावा दिवस. भेटीगाठीचा फासा : काही नाही.
विसावा : काही नाही.
अशा वेळी लांडगे सोडायचा मोह होतो.
लांडगे सोपे असतात.
मी विचारलं, आज चालताना काय बघत होतात?
पंखा कुरकुरला. फ्रीज थरथरून गप्प झाला.
मग लेन,
जो रोडहाउसवर रात्रभर अंडी तळतो
आणि "झालं" याखेरीज फारसं बोलत नाही, म्हणाला,
"बघत नव्हतो. ऐकत होतो.
देस्पिनाच्या मागच्या डाव्या पायाचा नाल सैल आहे.
सकाळपासून वाजतोय.
सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

(देस्पिना म्हणजे आमचं खेचर.
कोस्ताच्या पहिल्या सासूचं नाव.)

नाल माझ्या वहीत नव्हता.
मी पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिला.
त्यानंतरचे पाच दिवस
आम्ही सगळेच ऐकत होतो,
ब्रोडीसुद्धा.
एकदा तर फासा हातात धरून तो म्हणाला, थांबा,
वाजायचं बंद झालंय.

फेब्रुवारीत टाहलियाची बदली जेराल्डटनच्या इस्पितळात झाली.
मार्चमध्ये कोस्ताचा गुडघा.
मग लेनच्या पाळ्या बदलल्या,
मग कुणी विचारेनासं झालं.
मनोरा नकाशावर अजून अकरा षटकोन दूर आहे.
आत काय आहे ते मला विचारू नका.
मी ते ठरवलंच नव्हतं,
वाटलं होतं, वाटेत सुचेल.

शाळेची बस मी अजून चालवते.
नकाशा समोरच्या कप्प्यात, टायरच्या पावत्यांखाली.
शेवटचं पोर उतरलं की कधी कधी उघडते :
सव्विसावा मुक्काम, देवदाराखाली,
पाठीशी खडक, वारा अडलेला,
खेचर उभ्यानेच झोपतंय,
चौघांच्या मिळून सात मनुका.
रात्र झाली की चार वजा करायच्या.

मी अजून रात्र केलेली नाही.