हिरव्या खुणांची वाट

फाटकाशी पाटी आहे:
सोपी वाट. साडेचार किलोमीटर. चढ नाही.
खाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय – डास आहेत.

तळ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.
मी डावीकडून धावतो, मायमू उजवीकडून.
आठच्या ठोक्याला ती सायकल पाटीला टेकवते,
मी बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधतो,
आणि निघतो दोघं, दोन दिशांना, न बोलता.
आमच्या एस्टोनियात तसंही फार बोलावं लागत नाही,
पण हे न बोलणं वेगळं, आम्हा दोघांना कळतं.

युहानच्या माघारी मी त्याची होडी विकली.
गळत होती. गिऱ्हाईक चांगलं आलं.
भावजयीला विचारायचं राहिलं –
राहिलं म्हणजे, विचारलं नाही.
तिसरा हिवाळा येईल आता त्याला.

गंमत अशी, की वाट गोल आहे.
गोल वाटेवर पाठ फिरवून पळालं
की माणसं समोरासमोरच येतात,
रोज, तेही ठरल्या जागी:
बीव्हरने कुरतडलेल्या बर्चच्या पुढे, दलदलीवर,
जिथे जुन्या करड्या फळ्यांत एकच नवी आहे, पिवळी.
वाट दोन फळ्या रुंद.
ती खांदा आत घेते, मी पोट.
अडतीस वर्षं बस चालवली मी.
समोरून येणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला
स्टिअरिंगवरचं एक बोट तरी उचलायचो.

डॉक्टर म्हणाले होते, बोलता येईल इतकंच धावा.
कुणाशी, ते नाही सांगितलं.

मंगळवारी पिवळी फळी आली, मायमू आली नाही.

धुकं होतं. म्हटलं, उशीर झाला असेल.
मग तिच्या वाट्याची अर्धी वाट मी एकटाच धावलो,
म्हणजे धावलो कसला, पाण्यात बघत गेलो.
एकदा तिची लाल टोपी दिसली. क्रॅनबेरी होत्या.
हाक मारली.
तीन वर्षांनी तिचं नाव तोंडातून निघालं
ते धुक्याने ठेवून घेतलं.
ओ दिली ती पलीकडच्या क्रौंचांनी,
त्यांना दक्षिणेला जायची घाई.

फाटकाशी सायकल तशीच. सीटवर दव.
वनरक्षकाला फोन करायला हातमोजा दातांनी ओढतोय
तोच मागून, माझ्याच बाजूने,
फळ्या वाजल्या.

"मोतीबिंदू काढलाय," मायमू म्हणाली,
"उजवीकडून गेलं की ऊन डोळ्यांत जातं."
ऊन? मी धुक्याकडे पाहिलं.
"आणि डावा पाय घासतोस तू. दहिवरावर दिसतं सगळं."
"हाक ऐकली नाहीस?"
"ऐकली. आणखी एकदा मारतोस का बघत होते."
सायकलवर बसली नि गेली.
होडीचं काही निघालं नाही.

बुधवारी मी पाच मिनिटं आधीच पोचलो
आणि उजवीकडून निघालो, तिच्या बाजूने.
मागून येईल म्हणून हळू,
अगदी बोलता येईल इतकं हळू.
मागे कान लावून चाललो होतो,
फळ्या वाजल्या त्या समोरून.

ती डावीकडून आली होती. मला गाठायला,
असं ती म्हणाली नाही. धापा टाकत होती.

पिवळ्या फळीच्या जरा अलीकडे,
की पलीकडे – दिशाच बदलल्यावर काय सांगणार –
उभे राहिलो. दोन फळ्या रुंद वाट.
दोघांच्या वजनाने फळी दबली,
खालचा गार चहा वर आला, बुटांत शिरला.
कुणातरी एकाला आता माघारी फिरणं भाग होतं.

"गळतच होती ती," मायमू म्हणाली.
"पण घेतली कुणी, ते तरी सांग."

मी सांगायला लागलो.
मोजे भिजत होते.
वळायचं कुणी, ते अजून ठरलं नव्हतं.